घड्याळाखाली न शिरलेला शाप

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर महाराज एकेका बाईची हनुवटी धरून माइकवर ओरडत होते, "बघा, वांग गेला!" टाळ्यांचा कडकडाट. माझी वहिनीसुद्धा टाळ्या पिटत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वहिनी नऊ वर्षं शाळेची बस चालवते. तिच्या खिडकीकडच्या गालावर वांगाचे तपकिरी डाग पडले होते, दुसरा गाल स्वच्छ. मागच्या सभेत महाराजांनी तिच्याकडे बोट रोखलं होतं.

"अर्धाच चेहरा! हा आजार नाही, शाप आहे. चाक धरणाऱ्या बाईला लागतोच. चाळीस दिवस पडदे ओढून घरात बस, माझा लेप लाव. आणि चाक कायमचं सोड!"

मी औषधाच्या दुकानात काम करते. वहिनीने आणलेली लेपाची डबी उघडून हुंगली, बोटावर चोळून बघितली. खडूची पूड आणि अत्तर, दुसरं काही नाही. पण वहिनीच्या पर्समध्ये राजीनामा लिहून तयार होता.

"ताई, शाप घेऊन दुसऱ्यांची लेकरं कशी नेऊ गं?" ती रडवेली झाली.

मी भर सभेत उठले. "महाराज, लेप लावून उन्हात राबणारी एक तरी बरी झाली का?"

मागच्या रांगेतून एक विटा वाहणारी बाई बोलली, "मी तीन महिने लावतेय. घरात बसले तर खाऊ काय? तसूभर फरक नाही."

"तुझी श्रद्धा कमी पडली!" महाराज गरजले. चोराच्या उलट्या बोंबा.

मी वहिनीचा खिडकीकडचा हात वर धरला आणि घड्याळ सोडलं. हात रापलेला, पट्ट्याखालचं कातडं मात्र गोरं.

"काय हो, शाप घड्याळ बघून थांबला?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच.

"हे ऊन आहे, बसच्या खिडकीतून येणारं. गुण आला तो ओढलेल्या पडद्यांनी, लेपाने नाही. म्हणून तर या बायका बाहेर पडल्या की वांग परत येतो, आणि त्या परत तुमच्या दारात!"

महाराजांचा माइक नेमका तेव्हाच बिघडला.

वहिनी आजही बस चालवते. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, निघताना सनस्क्रीन, दुपारच्या फेरीआधी पुन्हा, आभाळ असलं तरी. चार महिन्यांत डाग बरेच फिके झाले. "पूर्ण जातील म्हणायला मी महाराज नाही," डॉक्टर म्हणाले.

म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी मागे वळून बघा. ज्यांना गुण आला नाही, त्या बायका कुठे बसल्या आहेत ते शोधा, आणि आधी त्यांना बोलू द्या.