छप्पर उतरवलेलं घर

माझ्या डोक्यावर छप्पर नाही, म्हणून सरकारदरबारी मी घर नाही. तरीही ग्लेनार्डीचं घरच बोलतंय. स्कॉटलंडच्या अँगस मुलुखात, टेकडीच्या पोटाशी मी अडीचशे वर्षं उभं आहे.

रॅमसे नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यानं मला बांधलं. दिवाणखान्याच्या छतावर चुन्याची द्राक्षं आणि पाखरं घडवायला एक कारागीर दोन हिवाळे पाठीवर पडून होता. त्यातल्या एका पाखराला त्यानं मालकाचं नाक दिलं. मालक हसला आणि ते तसंच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सहा वर्षांत त्याच्याच वंशातले रॅमसेसाहेब गेले, पाठोपाठ त्यांचा मुलगा. दोन्ही वेळा सरकारनं वारसाकर घेतला. शेतं गेली, रान गेलं, भिंतीवरची चित्रं गेली. उरली धाकटी मुलगी एल्स्पेथ आणि तिला लहानाची मोठी केलेली स्वयंपाकीण जेसी. दोघी मिळून दोन खोल्या वापरत. घरपट्टी येई एकतीस खोल्यांची.

एल्स्पेथ कचेरीत जाऊन आली.

"दोन खोल्यांचीच पट्टी लावा म्हटलं, जेसी. तर म्हणे, छप्पर किती खोल्यांवर आहे ते आम्ही बघतो, माणसं किती ते नाही."

"आणि छप्परच नसलं तर?"

"तर पट्टी नाही."

"टकल्या असणार तो. स्वतःची सोय बघितली मेल्यानं."

एल्स्पेथनं मला शाळेला देऊ केलं, कुणी घेतलं नाही. त्याच वसंतात सरकारच्या दुसऱ्या खात्याचा माणूस आला. चार दिवस मान वर करून माझ्या छताची चित्रं काढली, जेसीच्या ओटच्या भाकऱ्या लोण्याशी चापल्या.

"हा राष्ट्राचा ठेवा आहे, मिस रॅमसे. जपा याला."

"तुमचं खातं काही हातभार लावेल?"

"आम्ही फक्त यादी करतो," तो बोटं पुसत म्हणाला.

यादीत माझं नाव लागल्याचं पत्र आलं. घरपट्टीचं पत्र त्याच टपालानं आलं. दोन्हींवर शिक्का एकच. तेव्हापासून मला या लोकांची शिसारी येते.

शेवटी एल्स्पेथनं डॉड पेट्रीला बोलावलं. माझ्या पाटीच्या दगडांची कौलं तीस वर्षं तोच बसवत होता.

"कुठं गळतंय, बाई?"

"गळत नाही, डॉड. सगळं उतरवायचंय."

तो पायरीवर बसला. मग शिडी लावली. एकेक कौल त्यानं हातानं खाली दिलं, एकही फेकलं नाही. धोबीखान्यावरचं छप्पर तेवढं राखलं, कारण जेसी घर सोडायला तयार नव्हती. एल्स्पेथनं गावात खोली घेतली.

शरदाच्या पावसात पाखरं गळून पडली. नाकवालंही पडलं.

मग घरपट्टीचा तपासनीस आला. दिवाणखान्यात छत्री धरून त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि वहीत खूण केली. त्याच्या बुटांखाली द्राक्षांचा लगदा होता. धोबीखान्याशी येऊन तो थांबला.

"इथं छप्पर आहे."

"इथं मी राहते," जेसी म्हणाली.

"म्हणजे हे घर आहे. पट्टी पूर्ण लागेल."

"मग साहेब, छत्री मिटा. तिचीही लावतील."

तो हसला नाही. आठवड्याभरात डॉडनं तेही छप्पर उतरवलं. जेसी डंडी शहरात भाचीकडे गेली, तिसऱ्या मजल्यावर. पुढचा उन्हाळा काही तिनं पाहिला नाही.

आता माझ्यात मेंढ्या बसतात. गेल्या वर्षी सरकारनं दाराशी फलक ठोकला: 'ऐतिहासिक अवशेष. दगड हलवल्यास दंड.' छप्पर होतं तेव्हा छपराचा दंड, आता दगडाचा. उभ्या घराला पिळायचं आणि मढ्यावर पहारा बसवायचा, याला हे लोक जतन म्हणतात. मला जपू नका. तुमच्या गावात छप्पर असलेलं, अजून चूल पेटणारं जुनं घर असेल, तर त्याच्याकडे बघा.

परवा एल्स्पेथ आली होती, डॉडच्या हाताला धरून. दोघंही म्हातारी झालीत. दाराची चौकट तेवढी शाबूत आहे. तिथं ती थांबली आणि उंबऱ्यावर बूट घासून पुसू लागली.

"बाई, आत नुसता चिखल आहे," डॉड म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि दुसरा बूट पुसला.