मोजेवालीचं वैर

त्या काळी सगळा धंदा सरकारचा. घरात विणायचं मशीन ठेवून चार जोड मोजे विकले, तरी थेट तुरुंग. मोजेवालीच्या वडिलांना त्यापायीच उचलून नेलं. चुगली वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी केली, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. वडील परत आले ते खोकला घेऊनच, आणि त्या खोकल्यानंच गेले.

पुढे कायदे बदलले. सरकारी मोज्यांची गिरणी विकायला निघाली, ती ओळखीपाळखीच्या जोरावर साहेबांच्याच पदरात पडली. आता ते सभांमधून तरुणांना सांगू लागले, "हिंमत लागते हो धंद्याला!"

मोजेवाली ते ऐकून दातओठ खायची.

तिनं स्वतःचा धंदा उभारला, तोही धास्तावलेल्या घरातल्या लेकीसारखा. मशीनं तीन वेगवेगळ्या गाळ्यांत, एकावर धाड पडली तर बाकीची वाचावीत म्हणून. खिडक्यांना जाड पडदे. सरकारी मदत नको, ऑर्डर नको. दुकानांचे उंबरे झिजवून तिनं गिऱ्हाइकं जोडली. साहेब मात्र सरकारी ऑर्डरींवर निवांत. त्या आटल्या, तसं बाजारात त्यांना कुणी विचारेना. जी थोडी दुकानं उरली होती, तीही मोजेवालीनं हेरून हेरून आपल्याकडे वळवली. त्यांचा मिस्त्रीसुद्धा ओढून आणला.

शेवटी म्हातारे साहेब स्वतःच तिच्या गाळ्यात आले. तिची आई तिथंच मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती.

"गिरणी तूच घे, पोरी. तुझ्या बापालाही आनंद झाला असता."

मोजेवालीच्या कपाळाची शीर तटतटली. "त्यांचं नाव तुमच्या तोंडून नको. तुमची माणसं घेतली, गिऱ्हाइकं घेतली. मशीनं तुम्हीच घाला भंगारात."

"तेव्हा कायदाच तसा होता गं!" ते आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला."

आईनं मान वर केली नाही. "जाताना दार ओढून घ्या," ती म्हणाली.

मशीनं भंगारात निघाली, तेव्हा मोजेवाली मुद्दाम गिरणीच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. शेवटचा ट्रक गेल्यावर घरी येऊन पोटभर जेवली.

थोड्या दिवसांनी मिस्त्रीनं बातमी आणली, "साहेबांचा मुलगा पिशव्या शिवायचा धंदा काढतोय म्हणे."

"माल कुठल्या दुकानांना देणार, ते काढून आण."

आईचे हात थांबले. "अगं, तेव्हा पाळण्यात होता तो."

फोन उचलून मोजेवालीनं पिशव्या शिवायच्या मशीनची चौकशी सुरू केली.