खंडेनवमीचे बूट

नागोजीरावांच्या वरच्या खोलीत भाडेकरू आला तो थेट पोलंडचा. तादेउश त्याचं नाव. नागोजीरावांच्या बायकोच्या, भवानीबाईंच्या, जिभेवर ते काही बसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा तादोजी केला आणि नागोजीरावांनी पुढं राव जोडला. बेचाळीस वर्षांचा, चौकटीला कपाळ आपटेल एवढा उंच, डावा पाय जरा जपून टाकणारा. त्या कानडी शहराच्या टोकाला, हेब्बाळला, एका कंपनीनं फुटबॉलची शाळा काढली होती, तिथं तो शिकवायला आला होता. करार दोन वर्षांचा, आणि हे दुसरं सरत आलेलं.

संध्याकाळी पडवीत कॉफी पिता पिता तो आपली कहाणी सांगे, मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये इथं वेचलेलं कन्नड पेरून. नागोजीराव ती मराठीत करून बायकोच्या पदरात टाकत. बाप कोळशाच्या खाणीत. हा गावच्या संघात चौदा वर्षं बचावाला उभा. चौदा वर्षांत गोल किती, असं भवानीबाईंनी विचारलं तर दोन म्हणाला. आणि एक स्वतःच्याच जाळ्यात. गावाला तेवढाच आठवतो. देशाच्या संघातून एकदा बोलावणं आलं, तेव्हा पूर्ण सामना बाकावर बसून त्यानं इतरांचे कोट सांभाळले. पुढं डावा घोटा तीनदा मोडला. मग लहान संघ, त्याहून लहान संघ, मग कुणीच नाही. बायको गेली, तिची हकिगत त्यानं एकाच वाक्यात उरकली.

"गोल करतो त्याला हार," भवानीबाई म्हणाल्या, "आणि अडवतो त्याला काय हो?"

"शिव्या," नागोजीराव म्हणाले. "आमच्या पणजोबांचं काय झालं? इथल्या महाराजांच्या घोडदळात मागं राहून वाट राखली. कुठं नाव आहे त्यांचं?"

भवानीबाईंना सासूनं दिलेली जात्यावरची ओवी आठवली. त्यांनी ती म्हटली, आणि त्यानं अर्थ विचारून घेतला.

दाराशी उभा माझा, त्याला हाराचं काय सुख
पाठ देतो घराला, वाऱ्याला देतो मुख

त्यानं दुसरी ओळ मोडक्या उच्चारात दोनदा म्हणून पाहिली.

त्या घरात खंडेनवमी मोठी. पणजोबांची तलवार, भाल्याचं पातं, किडीनं अर्धं खाल्लेलं खोगीर, स्कूटरचे पाने आणि भवानीबाईंची विळी, सगळं देवघरात ओळीनं मांडायचं. शेंदूर, झेंडू, धूप. एकदा पूजा झाली की दशमीला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घरात येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. मालोजीराव नावाच्या पूर्वजानं भांडणाच्या भरात नवमीलाच तलवार उपसली आणि तो उजवा हात गमावून परतला, असं घरात सांगत. म्हणून नवमीची भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची.

त्या वर्षी भवानीबाईंनीच तादोजीचे बूट मागितले. नणंद नर्मदाबाई म्हणाल्या, चामडं का देवापुढं?

"खोगीर कशाचं आहे, नर्मदाक्का? केळीच्या पानाचं?"

नर्मदाबाई झेंडू ओवायला बसल्या. तादोजीनं बूट स्वतः घासून, तेल लावून दिले. डाव्या बुटात टाचेखाली चामड्याची जाड चकती होती, मोडक्या घोट्यासाठी खास बनवलेली. तिच्याशिवाय आपण चालू शकतो, पण वळू शकत नाही, असं तो म्हणाला. कंपनीचे मालक यायचे होते, त्यांच्यापुढं सामना व्हायचा होता आणि शिक्षकांनाही खेळायचं होतं. कुणाला ठेवायचं ते त्यावरून ठरणार. पण तो सामना दसरा उलटल्यावर, सोमवारी. एक दिवसाचा तर प्रश्न होता. बुटांवर शेंदूर चढला, झेंडूची माळ पडली. तो दारात उभा राहून पाहत होता, लग्नघरात पोरगी सजवताना बाप पाहतो तसा.

अकराच्या सुमारास फोन आला. मालकांना उद्याच परतायचं होतं, म्हणून सामना आज चार वाजता.

तो खाली आला आणि देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबला. काय झालं ते त्यानं हळू आवाजात सांगितलं. बूट मागितले मात्र नाहीत. नागोजीरावांनी मालोजीरावाची गोष्ट त्याला पुन्हा एकदा सांगितली. हट्टानं नाही, घाबरून. याच पोराचं काही वाईट व्हायला नको, म्हणून.

भवानीबाई मध्ये पडल्या. "उचलू द्या की हो. देवीला मी सांगीन."

"ज्याचं हत्यार त्यानं ठरवावं," नागोजीराव म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

भवानीबाई वाकल्या. बोटं झेंडूपर्यंत गेली. मालोजीरावाचा तो तुटका हात त्यांच्या डोळ्यांपुढं आला आणि बोटं तिथंच राहिली.

तादोजीनं ते पाहिलं. जन्मभर त्यानं तेच केलं होतं, दुसऱ्याची अडचण आधी पाहायची.

"बेडा, अम्मा," तो म्हणाला. नको. "यांना आजवर कुणी फूल वाहिलं नव्हतं."

आणि तो दुसऱ्या कुणाचे तरी बूट मागायला गेला.

चार वाजता दोघं नवरा-बायको स्कूटरवरून हेब्बाळला पोचले. मैदानाकडेच्या कंपनीच्या बसगाड्यांनाही हार घातलेले होते, चाकांखाली लिंबं चिरडलेली. अर्धा तास तादोजी भिंतीसारखा उभा राहिला. मग विशीतला एकजण चेंडू घेऊन त्याच्या डाव्या अंगानं निघाला. तादोजी वळला, पण पाय बुटातच मागं राहिला. तो पडला, उताणा. चेंडू जाळ्यात गेला, मंडपात हशा पिकला. मालकांतला एक फोनवर बोलत होता, त्यानं ते पाहिलंसुद्धा नाही. पाहणाऱ्यांनी त्याला नंतर सांगितलं असावं.

आठवड्यानं पत्र आलं, चार ओळींचं. त्यात आभार होते.

जाताना त्यानं बूट मागं ठेवले. पुढं काय, असं नागोजीरावांनी विचारलं, तर गावी भाच्याचं गोदाम आहे, तिथं दारावर बसायला माणूस हवाय, म्हणाला. भवानीबाईंनी चिवड्याची पिशवी दिली, ती त्यानं दोन्ही हातांनी घेतली. ओवी पुन्हा म्हणता का, असं विचारलं. त्यांना म्हणता आली नाही.

पुढल्या खंडेनवमीला नागोजीरावांनी बूट तलवारीशेजारी मांडले, शेंदूर लावला, चकतीवरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. पूजा झाली. भवानीबाई उठल्या आणि मांडलेल्या ओळीतली विळी त्यांनी उचलली. शेंदूर पदरानं पुसला. स्वयंपाकघरात पाट ओढून त्यांनी दोन काकड्या चिरल्या, सावकाश, बारीक.

मग त्या दिवसभर वाट पाहत राहिल्या. बोट कापलं नाही. दूध नासलं नाही. वाईट बातमीचा फोन आला नाही. जेवताना नागोजीरावांनी कोशिंबिरीकडं पाहिलं, मग बायकोच्या हाताकडं, आणि घास घेतला.

काही म्हणजे काहीच झालं नाही.

भवानीबाईंनी विळी धुतली आणि ती देवघरात परत न ठेवता चुलीमागच्या खुंटीला लावली.