पन्नास मीटरची खूण

स्पर्धेआधीच्या सरावात सिरिलचा बाण पुन्हा लक्ष्याच्या वर गेला.

"वारा," तो म्हणाला.

विपावाच्या खोऱ्यात काहीही बिघडलं तरी खापर बोरा नावाच्या डोंगरवाऱ्यावरच फुटतं. पण त्या सकाळी द्राक्षवेलीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"वारा अजून झोपलाय," मी म्हटलं. "दुसरं सांग."

"मग डोळे गेले माझे. आज जमलं नाही, तर संघातली जागा सोडतो."

मला रागच आला. सिरिल आमच्या क्लबातला निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून त्याला घराबाहेर काढतं ते हे कप्प्यांचं कंपाउंड धनुष्यच. ते सुटलं की हा माणूस चुलीपाशी बसून मांजराशी भांडत राहणार. आणि दर गुरुवारी सरावात त्याचा एकेक बाण मधोमध बसतो. माती होते ती फक्त स्पर्धेच्या दिवशी.

मी त्याचं धनुष्य हातात घेतलं. नेम धरायची साइट घट्ट होती. तिच्या पट्टीवर प्रत्येक अंतराची खूण, त्याच्याच पोस्टमनी अक्षरात. दोरीवर बाण अडकवायची खूणही जागेवर. मग त्याला आधी वीस मीटरवर मारायला लावलं, नंतर चाळीसवर. वीसला बाण दोन बोटं वर, चाळीसला चार.

"बाण जास्त जोरात सुटत असता, तर लांबवर चूक भलतीच वाढली असती," मी म्हटलं. "इथे अंतर दुप्पट, तर चूकही दुप्पटच. म्हणजे धनुष्य सरळ आहे. वाकडा तू आहेस."

"बायको जन्मभर हेच म्हणायची."

"दोरी ओढल्यावर हात कुठे टेकवतोस?"

"इथेच, जबड्याखाली. नेहमीसारखा."

तेवढ्यात अल्बिना सफरचंदांची टोपली घेऊन आली. शेजारच्या क्लबाची ही विधवा बाई दर स्पर्धेत सूप रांधते. तिला पाहताच सिरिल ताठ झाला, तोंडभर हसला आणि सफरचंदाचा कर्रकन लचका तोडला.

मी बघतच राहिले. गुरुवारी हाच माणूस पाव सुपात बुडवून खातो. आपल्या माणसांत कशाला नखरा, म्हणून त्याची कवळी तेव्हा भात्याच्या खिशात असते.

"सिरिल," मी त्याच्या कानाशी म्हटलं, "गुरुवारी खाशील का रे सफरचंद?"

त्याचं चावणं थांबलं.

"कवळी घातली की जबडा खाली उतरतो. त्याच्याबरोबर हात खाली, हाताबरोबर बाणाचं शेपूट. मग बाण वरच जाणार. पट्टीवरच्या खुणा गुरुवारच्या बोळक्याच्या आहेत आणि नेम धरतोय दातवाला."

"मग खुणा बदलू."

"आता शिट्टी होईल. वेळ कुठे आहे?"

त्याने अल्बिनाकडे चोरून पाहिलं. "तिच्यासमोर नको गं."

"मग जा घरी. मांजर वाट बघतंय."

बोलून गेले आणि लगेच पस्तावले.  मग पाठ फिरवून त्याने कवळी काढली. घाईघाईने ती डबीत ठेवताना डबीच गवतात पडली. ती उचलली अल्बिनाने.

"द्या ते दात इकडे," ती म्हणाली. "रानात कुठेतरी पाडून याल."

डबी ॲप्रनच्या खिशात टाकून ती सूप ढवळायला निघून गेली.

पहिलंच लक्ष्य पन्नास मीटरचं होतं. सिरिलने पट्टीवरची खूण लावली, हात जबड्याखाली टेकवला आणि बाण सोडला. मधोमध. मग दिवसभर तसेच. जागा सोडण्याचं नावही त्याने काढलं नाही.

संध्याकाळी तो दात आणायला म्हणून गेला आणि आम्ही बाकीचे क्लबाची गाडी सुरू करून बसलो. अंधारून आलं तरी तो येईना, म्हणून मी बघायला गेले. पातेल्यामागच्या बाकावर दोघं बसली होती, पुढे आंबवलेल्या कोबीच्या योटा सुपाच्या वाट्या. सिरिल बोळक्या तोंडाने कुठल्याशा कुत्र्याची आणि टपालाची गोष्ट सांगत होता, आणि अल्बिना डोळे पुसत हसत होती. ॲप्रनचा खिसा अजून फुगलेलाच होता.

मी आल्या पावली परतले आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.