घळीवरचा लाकडी पूल

माझ्या सासऱ्यांच्या बागेत फुलं नाहीत, रूळ आहेत. ते कुंपणापासून निघतात, पाण्याच्या टाकीला वळसा घालतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या स्टेशनात येऊन थांबतात. इंजिन मांजराएवढं, डबे बुटाच्या खोक्याएवढे. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी एकदा स्टेशनामागे गुलाब लावला होता. ‘सिग्नल दिसत नाही’ म्हणून बाबांनी तो मुळासकट उपटला. मी तेव्हा नवी सून, मला वाटलं गंमत करताहेत. या घरात गंमत कुठली आणि हुकूम कुठला, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

माझ्या नवऱ्याने चाळिशी ओलांडली आहे. ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि ती त्याला सर म्हणतात. बागेत त्याचं काम एकच, रुळांवरची पानं काढायची. गाडी चालवायच्या बटणांच्या डबीला, कंट्रोलरला, हात लावायचा नाही. रविवारी बाबांच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबची मंडळी येत. त्यातला दाताचा डॉक्टर ऐसपैस खुर्चीत बसून आमच्या बागेत आमची गाडी चालवायचा आणि बाबांचे चिरंजीव त्याला चहा नेऊन द्यायचे. मी म्हणायची, ‘‘अरे, मागून तरी बघ एकदा.’’ तो म्हणायचा, ‘‘देतील ते. त्यांना वाटेल तेव्हा देतील.’’ लहानपणी त्याला बापाशेजारी बसायला मिळायचं ते फक्त त्या स्टेशनाच्या पायरीवर, आणि तेही गप्प राहिलं तर. हा अजून तिथेच बसलेला आहे, असं मला कधीकधी वाटतं.

मग बाबांचे हात कापायला लागले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी काही फरक पडला नाही. एका रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर करून टाकलं. बागेच्या टोकाला पाण्याने पडलेली एक घळ आहे, रेल्वेचं कुंपणाकडचं टोक तिथे अडतं. तिच्यावरून लाकडी पूल न्यायचा, उंच पायांचा, वळणाचा.

‘‘चिरंजीव बांधतील,’’ ते म्हणाले. ‘‘पूल बसला, वरून गाडी गेली, की रेल्वे याची. नाही बसला तर डॉक्टरांनी सगळं उचलून न्यावं. त्यांच्याकडे जागा आहे आणि अक्कलही.’’

डॉक्टर हसला. माझा नवरा मात्र असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना.

त्याने जिवाचं रान केलं. आधी घळीवर दोऱ्या ताणल्या, त्यांच्यावर जाड खाकी कागद पसरला आणि रुळाचं वळण त्यावर उतरवून घेतलं. पुलाच्या चौकटी जिथे उभ्या राहणार तिथे खुणा केल्या, प्रत्येक खुणेखालची खोली ओळंबा सोडून मोजली. घळ टाकीकडच्या बाजूला खोल आहे, कुंपणाकडे उथळ. त्यामुळे प्रत्येक चौकटीचे पाय वेगळ्या लांबीचे. तळाशी त्याने सिमेंटचे ठोकळे ओतले, त्याच वळणात, एकामागे एक.

मग तो कागद मोटारीच्या शेडमधल्या लांब टेबलावर पसरला. असे पूल पालथे बांधतात. वरचा पट्टा, ज्यावर रूळ यायचे, तो कागदावर तोंड खाली करून ठेवायचा आणि चौकटी त्यावर पाय वर करून चिकटवायच्या. टेबल सपाट असलं की पूल सपाट होतो. त्याने पाणसळ लावून टेबल सपाट केलं. पट्ट्या कापल्या, घासल्या, तेलात बुडवून वाळवल्या. आमच्या पलंगाखालीसुद्धा पट्ट्या वाळत होत्या. माझी चिडचिड व्हायची, पण तो शीळ घालत काम करायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, याला शीळ घालता येते हे मला ठाऊकच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात बाबा शेडमध्ये आले. हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती एक फेरी मारली. कागद बघितला, पट्टा बघितला, वाकून पुन्हा कागद बघितला.

‘‘छान चाललंय,’’ ते म्हणाले.

नवरा सरसाने माखलेले हात तसेच घेऊन स्वयंपाकघरात आला. ‘‘ऐकलंस? बाबा म्हणाले, छान चाललंय.’’ मी म्हटलं, ‘‘हात धू आधी.’’ पण मलाही बरं वाटलं होतं. त्यानंतर बाबा अधूनमधून यायचे, एक फेरी मारायचे, तेच म्हणून जायचे. तेवढ्या शिदोरीवर याने सगळा हिवाळा काढला.

पूल बसवायचा तो रविवार उजाडला. हा पहाटेपासून घळीत उतरून ठोकळे पुसत होता. क्लबची सगळी मंडळी आली. सेक्रेटरीने गळ्यात शिट्टी अडकवली होती. पूल शेडमधून बाहेर आला तेव्हा मंडळी खरंच उठून जवळ आली. दोन माणसांएवढा लांब, तेलाने चमकणारा, शेकडो तिरक्या पट्ट्यांचा. तो सरळ करून, चौघांनी मिळून उचलून, हळूहळू घळीवर उतरवला.

टोकं टेकली. मधले पाय टेकलेच नाहीत. सिमेंटच्या ठोकळ्यांची रांग उजवीकडे वळत गेलेली, पूल डावीकडे फुगलेला. पाय नुसते हवेत.

‘‘फिरवा, फिरवा,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘या टोकाचं त्या टोकाला करा, वळण येईल बरोबर.’’

फिरवला. वळण बरोबर आलं, पण आता खोल भागातले लांब पाय उथळ भागात गेले. कुंपणाकडचं टोक कमरेएवढं वर उचललं गेलं आणि टाकीकडचं घळीत घुसलं. घसरगुंडीच झाली. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. सेक्रेटरीने शिट्टी वाजवली. ‘‘करायला गेला गणपती आणि झाला मारुती,’’ डॉक्टर म्हणाला, आणि पुन्हा हशा.

माझा नवरा पुलाचा एक पाय हातात धरून उभा होता. लांबी बरोबर, मापं बरोबर, सांधे बरोबर. काय चुकलं हेच त्याला कळेना. एकदा पुलाकडे, एकदा ठोकळ्यांकडे बघत होता.

बाबा खुर्चीतून उठले. ‘‘कागद उलटा घालायला हवा होता, चिरंजीव. वळण वरून उतरवलंस आणि पूल बांधलास पालथा. पूल पालथा तर कागदही पालथा. नाहीतर सरळ केल्यावर डाव्याचं उजवं होणारच. मी पहिल्याच आठवड्यात बघितलं.’’

‘‘पहिल्या आठवड्यात?’’

‘‘तेव्हा एकच पट्टा ठेवला होतास.’’

‘‘मग बोलला का नाहीत, बाबा?’’

‘‘बघत होतो, तुझ्या डोक्यात कधी प्रकाश पडतो ते.’’

‘‘तुम्ही तर म्हणालात, छान चाललंय.’’

‘‘छानच चाललं होतं की! एवढी मेहनत मी नसती केली.’’ मंडळी पुन्हा हसली. बाबा डॉक्टरांकडे वळले. ‘‘काय डॉक्टर, टेम्पो कधी आणताय?’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक गोष्ट होती, जी फक्त आम्हा दोघांना माहीत होती आणि मी ती बोलणार नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. बाबा रोज संध्याकाळी रूळ काढून पुसतात आणि परत जोडतात, पण हात कापायला लागल्यापासून त्यांनी जोडलेला एकही रूळ धड जोडलेला नसतो. सांधे उघडे राहतात, खिळे तिरके. पहाटे, बाबा उठायच्या आत, हा बागेत जातो आणि गुडघ्यांवर रांगत सगळी रेल्वे पुन्हा जोडून येतो. बाबा उठतात, गाडी चालवतात आणि म्हणतात, हात कापले म्हणून काय झालं, माझी गाडी कधी घसरत नाही.

‘‘टेम्पो आणाल तेव्हा यालाही घेऊन जा, डॉक्टर,’’ मी म्हणाले. ‘‘नाहीतर गाडी तुमच्याकडे जागची हलणार नाही. गेली दोन वर्षं बाबांनी लावलेले रूळ हा चोरून पुन्हा लावतोय. आज पहाटेपासून हा घळीत आहे. आज रुळांना कुणी हात लावलेला नाही. चालवा ना, बाबा. सगळे आलेच आहेत.’’

‘‘गप्प बस,’’ नवरा म्हणाला. इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं.

‘‘चालवतो की!’’ बाबांनी कंट्रोलर उचलला.

गाडी स्टेशनातून निघाली, झुडपांमागे गेली. टाकीच्या वळणावर इंजिन एकदा उडालं आणि आडवं झालं, त्याच्यामागून डबे एकेक करून मातीत पडले. कुणीही हसलं नाही. डॉक्टर बुटाची नाडी बांधायला लागला.

बाबा तिथवर चालत गेले, गुडघे धरत खाली बसले आणि इंजिन रुळावर चढवायला लागले. एक चाक बसायचं, तोवर दुसरं उतरायचं. हात असे थरथरत होते की इंजिन रुळावर खडखड वाजत होतं. इतकी माणसं उभी होती, एकही पुढे झाला नाही. नवरा निघाला तेव्हा मी त्याचं मनगट पकडलं. बघू दे सगळ्यांना, असं मला वाटत होतं. वाटत कसलं, मला आनंद होत होता.

त्याने हात हिसडला आणि गेला. बापाशेजारी मातीत बसला, इंजिन चढवलं, डबे चढवले, सांधे दाबून बसवले. बाबा बराच वेळ त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी कंट्रोलर त्याच्यापुढे धरला.

‘‘घे,’’ ते म्हणाले. ‘‘तुझी आहे म्हणे.’’

त्याने घेतला. जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, जिंकलो. त्याने बटणावर अंगठा ठेवला आणि बाबांच्या तोंडाकडे बघितलं. मी उभी होते तिथून मला फक्त बाबांची पाठ दिसत होती, त्यामुळे त्याने तिथे काय बघितलं ते मला सांगता येणार नाही.

‘‘तिच्याकडे लक्ष देऊ नका, बाबा,’’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ‘‘रागाच्या भरात काहीही बोलते ती. सकाळी ठोकळे पुसायला जाताना माझाच पाय लागला त्या वळणावर. रूळ मीच हलवले. तुमचं जोडकाम पक्कंच होतं.’’

बागेत सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा उठून उभे राहिले, गुडघ्यावरची माती झटकली.

‘‘मला वाटलंच,’’ ते म्हणाले. ‘‘तुझं लक्षच नसतं कशात.’’ आणि त्यांनी त्याच्या हातातून कंट्रोलर परत घेतला.

पूल बसला नव्हता आणि बाबा दिलेल्या शब्दाला जागणारे आहेत. त्याच आठवड्यात डॉक्टरचा टेम्पो दाराशी लागला. बाबा खुर्ची टाकून देखरेख करत होते. माझा नवरा कुंपणापासून सुरुवात करून एकेक रूळ सोडवत होता, माती पुसून टेम्पोत चढवत होता, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली तर त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.