बाई चुकल्या

आईची पुस्तकं न्यायला मी भोसरीच्या शाळेत गेले, तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबवून ठेवली होती. फार वेळ लागणार नव्हता. पेटी उचलायची आणि मारुंजीला परत.

मुख्याध्यापक ज्योतीराम सर मला चौथीच्या वर्गाकडे घेऊन निघाले. "बाईंनी या पोरांना वेड लावलं, ताई," ते म्हणाले. "एकाचा बाप तक्रार घेऊन आला होता. नाइट शिफ्ट करून झोपतो, तर पोरगा उशाशी बसून मोठ्यानं वाचतो. म्हणाला, सर, याला जरा नापास करा."

मी हसले. आईच्या दहाव्याला आलेले पालकही मला असंच काहीबाही सांगत होते, आणि मी प्रत्येक वेळी मान हलवत होते, जणू मला ठाऊकच होतं.

आईनं मला कधी वाचून दाखवलं नाही. मी वाचायचे आणि ती ऐकायची, ओट्याकडे तोंड करून, भाजी निवडत. मी चुकले की ती म्हणायची, "पुन्हा." तेवढंच. मग परिच्छेदाच्या सुरुवातीपासून पुन्हा. पुढे मी पुष्कळ वाचलं, पण मनात, एकटीनं, दार लावून. आता हिंजवडीतल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासते. माझ्या नजरेतून चूक सहसा सुटत नाही.

सर मला वर्गात सोडून गेले. बदली शिक्षिका अजून आलेली नव्हती. पेटी खिडकीखाली होती, हिरव्या रंगाची, पत्र्याची. मी झाकण उघडलं. मला वाटलं होतं, तऱ्हेतऱ्हेची पुस्तकं असतील. निघाल्या त्या मोजक्याच गोष्टींच्या ढीगभर प्रती. एका कुंभाराच्या गाढवाची गोष्ट तर अर्ध्या पेटीत भरलेली. पातळ, स्वस्त पुस्तकं. ओळींखाली बोटांचे काळपट डाग.

"बाईंच्या मुलगी ना तुमी?" पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं. तिचं नाव संस्कृती. "एकदा वाचा ना."

मी काही म्हणायच्या आत एका मुलानं, स्वराजनं, पुस्तकं वाटलीसुद्धा. दोघांत एक. सगळ्यांनी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी चांगलं वाचते. विराम कुठे घ्यायचा, आवाज कुठे खाली आणायचा, मला कळतं. बोटं ओळीबरोबर सरकत होती. दुसऱ्या पानावर ती मंदावली. तिसऱ्या पानावर मागच्या बाकावरचे दोघे खिडकीबाहेर बघू लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

स्वराज म्हणाला, "तुमी चुकतच नाय."

"का चुकू?"

"मोठ्या बाई चुकायच्या. कुंभारानं गाढवाला हाक मारली असं लिहिलंय ना, त्या वाचायच्या, गाढवानं कुंभाराला हाक मारली. मग आमी वरडायचो, बाई चुकल्या. जो पैला धरंल तो पुढं वाचणार." मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, "त्यांना नीट येत नव्हतं वाचायला. आमीच शिकवलं."

माझ्या ओठांवर आलं होतं. सांगावंसं वाटलं, माझी आई जन्मात कधी वाचताना चुकली नाही, तुम्हाला खेळवत होती. एका वाक्यात आई पुन्हा माझी झाली असती.

"गप रे," संस्कृती म्हणाली. "त्या मुद्दाम चुकायच्या. आधी. नंतर मुद्दाम नव्हत्या चुकत."

"तुला कसं कळलं?"

"मुद्दाम चुकल्या की आमच्याकडं बघायच्या, कोण धरतंय ते. नंतर नंतर पुस्तकातच बघत ऱ्हायच्या."

गाठ बरेच महिने आईच्या डोक्यात वाढत असावी, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी तिनं पेपर वाचणं सोडलं होतं. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणायची. दिवाळीत शुभेच्छापत्र आलं ते तिनं न उघडता माझ्याकडे सरकवलं. माझ्यासमोर तिनं एक ओळ मोठ्यानं वाचली नाही. इथे मात्र रोज वाचत होती.

"मग तुम्ही काय करायचात?"

"सावकाश म्हणायचो. आणि बोट ठेवायचो, कुठं हाय ते."

"आणि बाई?"

"हसायच्या. बघ, सापडलं, म्हणायच्या."

मी त्या मुलीच्या बोटाकडे पाहिलं. शाईनं माखलेलं, नख कुरतडलेलं. इतका राग मला दवाखान्यातसुद्धा आला नव्हता.

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"पेटी मी नेणार आहे," मी म्हणाले.

कोणी रडलं नाही, कोणी गयावया केली नाही. एकेकानं उठून पुस्तक पेटीत ठेवलं, कडा जुळवून, आईनं शिकवलं असणार तसं. पेटी भरली. संस्कृती शेवटची आली. तिच्या हातातलं पुस्तक मी पेटीत पडू दिलं नाही. घेतलं आणि पर्समध्ये घातलं. मग झाकण लावलं आणि पेटी परत खिडकीखाली ढकलली.

"एवढंच नेते," मी म्हणाले.

"ते माझं आणि स्वराजचं हाय."

"माहितेय."

ती म्हणाली, "शनवारी परत आणायचं असतं, बाई. आणि घरी कुणाला तरी वाचून दाखवायचं. चूक धरायला."

"माझ्या घरी कुणी नाही."

"मग लवकर आणा," ती म्हणाली.

मी बाहेर आले. रिक्षावाल्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पेटी आणायची होती ना, ताई?"

"शनिवारी बघू," मी म्हणाले.