मास्तर रोज पंचवीस करतात

टपालकाका पोस्टातून निवृत्त झाले, टेबल टेनिसमधून नाही. एकोणसत्तराव्या वर्षी, ज्येष्ठांच्या स्पर्धेला तीन महिने उरले असताना, त्यांचा उजवा गुडघा सुजून बसला.

फिजिओथेरपिस्ट घरातच होती, त्यांची सून. तिने व्यायाम नेमून दिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची, दहा आकडे मोजून सोडायची. सकाळ-संध्याकाळ वीस वेळा.

"केलात का व्यायाम, बाबा?"

"केला की."

टॉवेलची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सुनेने ते पाहिलं. जेवताना ती सहज म्हणाली, "मास्तर रोज पंचवीस करतात हं."

मास्तर म्हणजे काकांचा शाळेपासूनचा मित्र आणि गेली चार वर्षं त्यांना अंतिम फेरीत लोळवणारा इसम. संध्याकाळी काकांनी सव्वीस केले.

पुढच्या आठवड्यात सून म्हणाली, "मास्तर आता दात घासताना एका पायावर उभे राहतात."

काका दाढीही एका पायावर करू लागले. सूज उतरली, जिना चढताना कठडा धरावा लागेना.

दीड महिन्याने ते तपासणीला तिच्या दवाखान्यात गेले. पडद्यापलीकडे कोणीतरी ओळखीच्या आवाजात कण्हत होतं. काकांनी पडदा सरकवला.

"काय रे मास्तर, गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय? खांदा आखडलाय. आजच पहिल्यांदा आलोय इथे."

काकांनी सुनेकडे पाहिलं. ती वायरी गुंडाळण्यात एकदम गर्क झाली.

काका सुनेबरोबर घरी आले. दारात चपला काढायला वाकले, तर गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. त्यांना हसूच फुटलं.

"महाबिलंदर आहेस! आता मास्तरला सांग, मी खांद्याचे तीस करतो."

"पण तुम्ही कुठे करता, बाबा?"

"तू कुठे खरं बोललीस?"

मास्तरांनी महिनाभर इमानेइतबारे रबरी पट्टा ताणला. खांदा असा काही मोकळा झाला की अंतिम सामन्यात त्यांचे फटके डोळ्यांना दिसेनात. काका पाचव्यांदा हरले.

मास्तरांनी त्यांना मिठीच मारली. "तुझ्यामुळे रे हे! तू तीस करतोस म्हटल्यावर मला चेव आला."

काका वळून सुनेला शोधू लागले. ती पहिल्याच रांगेत होती, हसता हसता पाण्याचा ठसका लागलेली.